बिनधुराचा जनरेटर

मला कन्नड येतं. चांगलं येतं. सव्वीस वर्षं बेंगळुरूत काढली आणि त्यातली बावीस बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात, जिथे साहेबाची बोलणी कन्नडमध्ये खायची आणि कामगारांची समजूतही कन्नडमध्येच घालायची. एवढं करून भाषा आली नसती तर माझ्यासारखा दगड मीच. पण ‘कन्नड गोत्तिल्ला’, म्हणजे कन्नड येत नाही, हे दोन शब्द मी या शहरात जितक्या वेळा वापरले तितके दुसरे कुठलेच वापरले नसतील. पोलिसाने गाडी अडवली, गोत्तिल्ला. सोसायटीत वर्गणीवरून वाद पेटला, गोत्तिल्ला. के. आर. पुरमला आमच्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमध्ये सुनेची गाऱ्हाणी सांगू लागल्या, गोत्तिल्ला. समोरचा माणूस हात टेकतो आणि आपण सुटतो. आमच्या मराठी मंडळातल्या निम्म्या लोकांना ही युक्ती ठाऊक आहे. गणपतीच्या जेवणावळीत आम्ही तिचे किस्से सांगून हसतोही.

हल्ली मी हसत नाही. त्याचं कारण सांगायचं तर आधी घरगाडीबद्दल सांगावं लागेल.

पन्नाशी जवळ आल्यावर माणसाला कसला तरी नाद लागतो. मला घरगाडीचा लागला. एक जुनी लांबुडकी व्हॅन घेतली, आतल्या सीटा काढल्या, पलंग बसवला, छोटा फ्रिज, भांडी घासायला बेसिन, दोन पंखे, टपावर सौर पॅनेल, पलंगाखाली बॅटऱ्या. सगळं वायरिंग मी स्वतः केलं. आणि ऊन नसेल तेव्हासाठी एक जनरेटर घेतला, पेट्रोलवर चालणारा, सुटकेससारखा हातात धरून नेता येईल असा. जनरेटरच्या बाबतीत मला कुणी शिकवायची गरज नव्हती. कारखान्यात आम्ही जनरेटरच बनवतो, मोठे, इमारतींना लागतात ते, आणि मी तपासणी विभागात आहे. दर तीन महिन्यांनी नव्या लोकांना सुरक्षेचा धडा देतो तोही मीच. त्या धड्यातलं माझं एक आवडतं वाक्य आहे. दिसणाऱ्या धुराला भिऊ नका, न दिसणाऱ्या धुराला भ्या. इंजिनाच्या धुरातला जो वायू माणसाला मारतो त्याला रंग नसतो, वास नसतो. पहिली खूण एकच, डोकं दुखणं. हे सांगताना मी थोडा थांबतो, म्हणजे परिणाम होतो.

तर आम्ही दोघं, बायको आणि मी, दहा दिवसांसाठी निघालो. माझी रजा साठली होती आणि तिचं आयटीतलं काम कुठूनही करता येण्यासारखं होतं. कनकपुऱ्याच्या पुढे, रामनगरच्या बाजूला आत वळून, ओळखीतून एक शेत मिळालं होतं. शेतात चिंचेचं मोठं झाड, त्याखाली गाडी लावायला जागा, हौदाचं पाणी. वीज मागायची नाही, हॉटेल शोधायचं नाही, सगळं आपलं आपण, अशी माझी प्रतिज्ञा होती. बायको म्हणाली होती, ‘एवढंच असेल तर घरातच मेन स्विच बंद करून बसू या.’ तिला माझे नाद पाठ आहेत.

शेत एका नवराबायकोचं होतं. दोघंही साठीच्या पलीकडचे. मुलं शहरात. बाई काटक, बोलायला मोकळी, चालताना पुढे झुकून चालणारी. मी तिला अक्का म्हणायचो आणि त्यांना अण्णा. अण्णा उंच, शांत, तोंडात कायम एक लवंग. आम्ही उतरल्याबरोबर ते कन्नडमध्ये काहीतरी विचारू लागले, प्रवास कसा झाला, जेवलात का, असंच साधं. आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, ‘कन्नड गोत्तिल्ला.’

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला स्वतःला भाजीवाल्यापुरतंच कन्नड येतं, पण मला किती येतं ते ती जाणते. मी मराठीत पुटपुटलो, ‘दहा दिवस मला कुणाशी गप्पा मारायच्या नाहीत.’ अण्णांनी मान डोलावली, हसले आणि खिशातून एक लवंग काढून माझ्या तळहातावर ठेवली. पुढचे सगळे दिवस ते माझ्याशी खुणांनीच बोलले.

अक्काला हिंदी येत होतं, बाजारी वळणाचं. रेशमाच्या बाजारात कोष विकता विकता शिकलेलं. कारण शेतात होती ती सगळी तुती, आणि चिंचेपासून थोड्या अंतरावर जी लांब शेड होती तिच्यात रेशमाच्या अळ्या होत्या. अक्काने पहिल्याच संध्याकाळी आम्हाला दारातून दाखवल्या. बांबूच्या मांडण्यांवर एकावर एक थर, आणि प्रत्येक थरावर बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या तुतीचा पाला खात होत्या. शेजारच्या खोलीत कुणी कोथिंबीर निवडत बसलं असावं तसा बारीक आवाज. चौथी कात टाकून झाली होती. आता आठवडाभर अखंड खातील, मग कोष विणायला बसतील. याच आठवड्यात त्यांना सगळ्यात जास्त जपावं लागतं, अक्का म्हणाली.

‘अगरबत्ती नक्को मेडम, मच्छर का बत्ती नक्को, सेंट नक्को, धुआँ तो बिल्कुल नक्को,’ तिने बायकोला बजावलं. आणि मग अण्णांकडे बोट दाखवून हसली. ‘इनका बीडी भी बंद.’

ती त्या घरची रीत होती. अळ्या घरात आल्या की अण्णा बिडीचं बंडल आणि काडेपेटी अक्काच्या हातात द्यायचे. ती ते स्वयंपाकघरात एका पत्र्याच्या डब्यात ठेवायची. कोष विकून आले की डबा उघडायचा. तंबाखूचा हात जरी पाल्याला लागला तरी अळ्या माना वर करतात, हिरवं पाणी ओकतात आणि मरतात. म्हणून दर पिकाला महिनाभर अण्णा लवंगेवर काढायचे. इतक्या वर्षांत एकदाही मोडलं नाही, असं अक्का सांगत होती आणि अण्णा, हिंदी कळत नसूनही, आपल्याबद्दलच चाललंय हे ओळखून भिंतीकडे बघत उभे होते. चेहऱ्यावर थोडा अभिमान होता. तो मला स्पष्ट आठवतो.

मीही माझी ओळख करून दिली. जनरेटरच्या कंपनीत इंजिनियर. अक्काने ते लगेच अण्णांना कन्नडमध्ये सांगितलं, आणि जरा वाढवूनच सांगितलं. मी न कळल्यासारखा चेहरा करून ते कौतुक ऐकून घेतलं.

पहिले तीन दिवस छान गेले. ऊन होतं, बॅटऱ्या भरत होत्या. चौथ्या दिवशी आभाळ आलं आणि हटेचना. दुपारपर्यंत फ्रिज कुरकुरू लागला, बायकोचा लॅपटॉप, तिचं इंटरनेटचं यंत्र, पंखे, सगळं बॅटरी खात होतं. मी जनरेटर काढला, गाडीमागे लावला आणि सुरू केला. अर्ध्या तासात बायको कानात हेडफोन घालून बाहेर आली. ‘मीटिंगमध्ये सगळे विचारतायत मी पिठाच्या गिरणीत बसलेय का. लांब ने ते.’

लांब न्यायचा तर माझ्याकडे कारखान्यातून आणलेली वायरची मोठी रीळ होती. पाचव्या दिवशी सकाळी मी जागा शोधायला निघालो. अळ्यांच्या शेडच्या मागच्या भिंतीशी पाला ओरबाडून उरलेल्या तुतीच्या काड्यांचा मोठा ढीग होता. त्या ढिगाआड जनरेटर ठेवला तर गाडीपर्यंत आवाज जवळजवळ येत नव्हता. मी नियमाप्रमाणे सगळं केलं. गाडीपासून भरपूर अंतर. जमीन सपाट. धुराचं तोंड गाडीच्या विरुद्ध दिशेला. हे अगदी धड्यात सांगतो तसं. विरुद्ध दिशेला शेडची भिंत होती, आणि भिंतीत खाली हवेसाठी ठेवलेले जाळीचे झरोके होते. ते मला दिसले नाहीत असं मी म्हणणार नाही. दिसले. पण माझ्या डोक्यात त्या वेळी आपल्या गाडीत धूर येता कामा नये एवढाच विचार होता आणि तो मी पूर्ण केला होता. माझ्या धड्यात विरुद्ध दिशेला कोण राहतं ते बघा, असं वाक्य कुठे नव्हतं.

आवाज ऐकून अक्का आली. पदराने हात पुसत यंत्राकडे बघत राहिली. ‘सार, इसका धुआँ?’

इथे मी जे केलं ते मला आजही आठवलं की मी एकटा असलो तरी मान खाली जाते. मी खिशातून पांढरा रुमाल काढला. धुळीचाही डाग नसलेला, घडीचा. तो जनरेटरच्या धुराच्या तोंडासमोर हातभर अंतरावर धरला, मनात दहा आकडे मोजले आणि तिच्यासमोर उलगडला. पांढरा शुभ्र. ‘देखो अक्का. ये नया मशीन है. बिना धुएँ का.’

ती थक्क झाली. तिने रुमालाला बोट लावून पाहिलं. दिसणाऱ्या धुराला भिऊ नका, हे वाक्य महिन्यापूर्वीच मी तीस लोकांसमोर थांबून थांबून म्हटलं होतं. रुमालाने काही म्हणजे काही सिद्ध होत नाही, हे माझ्याइतकं त्या तालुक्यात कुणाला ठाऊक नसेल. मग मी असं का केलं? उत्तर फार लहान आहे. मला यंत्र परत उचलून दुसरीकडे न्यायचा कंटाळा आला होता. आणि तिच्या चेहऱ्यावरचं ते आश्चर्य मला आवडलं होतं.

जाता जाता तिने शेडच्या दारात उभ्या अण्णांना कन्नडमध्ये सांगितलं, ‘धूर नाही म्हणतात. कंपनीत हेच काम आहे त्यांचं. त्यांना नाही तर कुणाला कळणार?’

पाचव्या आणि सहाव्या दिवशी अकरा ते पाच जनरेटर चालला. बायकोच्या मीटिंगा सुरळीत झाल्या. मी चिंचेखाली खुर्ची टाकून पुस्तक वाचलं, फ्रिजमधलं गार ताक प्यालो आणि स्वतःवर खूष राहिलो.

सहाव्या दिवशी संध्याकाळी हौदावर पाणी भरत होतो. पलीकडे ओट्यावर अण्णा डोक्याला फडकं बांधून बसले होते. अक्का चूल पेटवत म्हणाली, ‘कालपण डोकं, आजपण डोकं. काय झालंय काय?’ अण्णा म्हणाले, ‘दुपारी आत पडलो की चढतं. बाहेर आलो की उतरतं.’

दुपारी मुंग्या, पाली येऊ नयेत म्हणून ते शेडमध्येच राखणीला झोपायचे. मागच्या भिंतीशी चटई टाकून. ते मी पाहिलं होतं.

माझा हात कळशीवर थांबला. तले नोवु, डोकेदुखी. आत चढते, बाहेर उतरते. परीक्षेत प्रश्न विचारावा तसं ते माझ्यासमोर मांडलेलं होतं. मला फक्त वळून बोलायचं होतं. पण मला कन्नड येत नव्हतं ना. सहा दिवस येत नव्हतं. आता एकदम येऊ लागलं तर सहा दिवसांचं काय सांगायचं? अक्का हसून म्हणाली, ‘बिडी आठवत असेल. म्हणून डोकं धरलंय.’ अण्णाही हसले. मी कळशी उचलली आणि निघालो. उद्या सकाळी यंत्र हलवू, असं मी ठरवलं. सकाळ व्हायला वेळ होता आणि मला वाटलं तेवढं पुरेसं आहे.

सातव्या दिवशी उजाडल्यावर अक्काचा आवाज आला. आधी मला वाटलं कुणाला साप दिसला. आम्ही दोघं धावत अंगणात गेलो. अक्का हातात सूप घेऊन उभी होती. सुपात अळ्या होत्या. काही माना उंच करून डोलत होत्या, काही आक्रसून निम्म्या झाल्या होत्या, आणि सुपाला हिरवट पाणी लागलं होतं. पाल्याला तोंड लावत नव्हत्या.

ती अण्णांशी बोलत होती. बोलत कसली, त्यांना भाजून काढत होती. हे तंबाखूचं आहे. मला काय शिकवता, तीस वर्षं अळ्या पाळतेय. दोन दिवस डोकं दुखतंय म्हणून सोंग केलंत आणि मागे जाऊन ओढून आलात. त्याच हातांनी पाला घातलात. अण्णा म्हणत होते, ‘देवराणे, मुट्टिल्ला.’ देवाची शपथ, हात लावला नाही. ती म्हणाली, ‘देवाला मध्ये आणू नका.’ त्यांनी आपले दोन्ही हात तिच्या नाकाशी नेले, वास घे म्हणाले. तिने ते झिडकारले. उंच माणूस होता, पण त्या वेळी हात पुढे धरून उभा असताना तो अगदी लहान वाटला.

बायकोने माझा दंड धरला. ‘काय म्हणतायत ते? काय झालं?’

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘घरचं भांडण दिसतंय.’

आम्ही गाडीकडे परतलो. मग पाय मोकळे करायच्या निमित्ताने मी शेडच्या मागे गेलो. झरोक्याच्या जाळीतून आत पाहिलं. तपासणी हेच माझं आयुष्यभराचं काम, त्यामुळे बिघाडाची मांडणी मला आपोआप वाचता येते. दाराच्या बाजूच्या मांडण्यांवर अळ्या बऱ्या होत्या, खात होत्या. मधल्या मंदावल्या होत्या. भिंतीच्या बाजूच्या, त्यातही झरोक्यांच्या उंचीवरच्या, संपल्या होत्या. अण्णांच्या हातून विष गेलं असतं तर ते सगळीकडे सारखं गेलं असतं. अळ्यांना नेमकं कशाने काय झालं हे शास्त्र मला येत नाही आणि मी शपथेवर सांगू शकत नाही. पण वारा कुठून आला एवढं मला दिसत होतं.

मी जनरेटर उचलला. गाडीत नेऊन कापड टाकून ठेवला. मग परत गेलो, कारण जमिनीवर यंत्राच्या चार पायांचे ठसे आणि तेलाचा थेंब राहिला होता. तुतीच्या काड्या त्यावर ओढल्या. हे मी घाबरून केलं नाही. शांतपणे, नीट केलं, जसं कारखान्यात काम संपल्यावर टेबल आवरतो तसं. या सगळ्या प्रकारात मला सर्वात जास्त लाज वाटते ती त्या नीटपणाची.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. बायकोच्या ऑफिसचं कारण सांगितलं. अक्का निरोप द्यायला आली, डोळे सुजलेले. दोन नारळ बायकोच्या हातात दिले आणि म्हणाली, ‘घर में झगड़ा हुआ, आपका छुट्टी खराब हुआ. माफ करना सार.’ माझी माफी मागितली तिने. अण्णा बाहेर आले नाहीत. मी त्यांना बघायला मान वळवलीही नाही.

घरी आल्यावर घरगाडी पार्किंगमध्ये तशीच उभी राहिली. बायको विचारायची, पुन्हा कधी जायचं? मी म्हणायचो, कामं आहेत. नारळ दोन्ही नासले, कारण ते फोडायला मीच टाळत राहिलो.

मग कारखान्यात धड्याची वेळ आली. मी नेहमीसारखा उभा राहिलो. न दिसणाऱ्या धुराचं वाक्य झालं. पहिली खूण कोणती, असं विचारून मी थांबलो, दर वेळी थांबतो तसा. समोरून कुणीतरी म्हणालं, ‘तले नोवु, सार.’ आणि डोक्याला फडकं बांधून ओट्यावर बसलेला माणूस समोर आला. मी पाणी प्यालो, उरलेला धडा दुसऱ्याला घ्यायला सांगितला आणि बाहेर येऊन उभा राहिलो. त्या माणसाचं डोकं आणखी एक दुपार दुखलं असतं तर? मी सकाळपर्यंत थांबलो होतो. सकाळपर्यंत.

त्या दिवशी घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवून ऐकत राहिली. मला वाटलं, जाऊ दे, तू मुद्दाम नाही केलंस, असं काहीतरी म्हणेल. ती म्हणाली, ‘तू मला घरचं भांडण म्हणालास.’

‘हो.’

‘मी त्या बाईला सांगितलं असतं रे. त्याच मिनिटाला. मोडक्यातोडक्या हिंदीत का होईना.’

‘माहितीये. म्हणूनच सांगितलं नाही.’

तिने चिरलेला कांदा बाजूला सारला. मग सुरी उचलत म्हणाली, ‘मला सांगून काय उपयोग? डाग काय माझ्या नवऱ्यावर आलाय का? ज्याच्यावर आलाय त्याला जाऊन सांग. आणि मला बरोबर नेऊ नकोस, माझ्या आडून बोलशील.’

पुढच्या रविवारी मी एकटा गेलो. घरगाडी नेली नाही, छोटी गाडी नेली. त्या घटनेला दोनेक महिने झाले होते. रस्ताभर मी कन्नडमध्ये वाक्यं जुळवत होतो. इतकी वर्षं बोलतोय, पण चूक कबूल करायची वाक्यं कधी लागलीच नव्हती.

अण्णा चिंचेखाली बसले होते, जिथे आमची गाडी उभी असायची तिथे. समोर तुतीच्या फांद्या होत्या आणि ते पाला काढून टोपलीत टाकत होते. हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. दोन्ही मनगटांना दोऱ्याने, घट्ट. मी कितीतरी वेळ त्या पिशव्यांकडेच बघत राहिलो. त्यांनी मला ओळखलं, हसले, आणि एका हाताची पिशवी सोडून खिशातली लवंग काढायला लागले.

‘अण्णा,’ मी म्हणालो, ‘नन्नदे तप्पु.’ चूक माझीच आहे.

त्यांचा हात खिशातच राहिला. माझ्या तोंडून कन्नड ऐकून ते आधी नुसते चकित झाले. मग मी सांगत गेलो. जनरेटर, झरोके, रुमाल, डोकेदुखी. तुम्ही बिडी ओढली नव्हती. मला ते त्याच सकाळी कळलं होतं. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. सांगून झाल्यावर एवढंच म्हणाले, ‘तिला सांगा. मला माहीतच होतं मी ओढली नाही.’

आणि मग, सुटलेल्या पिशवीकडे बघत, ‘पण मलाही कधी कधी वाटायचं, की ओढली की काय.’

अक्का शेडमध्ये होती. नवं पीक होतं. अण्णांनी सोडलेली पिशवी पुन्हा मनगटाला बांधली आणि दारापर्यंत जाऊन हाक मारली, उंबरठ्यापासून चार पावलं लांब उभे राहून. तिथे जमिनीवर, बाहेरचे जंतू आत जाऊ नयेत म्हणून ओढलेली चुन्याची रेघ होती आणि ते तिच्या अलीकडे थांबले होते, सवयीचं असावं तसे. म्हणजे त्या दिवसापासून त्यांना आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. पाला काढायचा, तोही पिशव्या बांधून, आणि बाहेरूनच द्यायचा. तीस वर्षं ज्यांच्यासोबत दुपारची झोप काढली त्या अळ्यांचा आवाज ते रेघेबाहेरून ऐकत होते.

अक्का दारात आली. मी पुन्हा सगळं सांगितलं, कन्नडमध्येच. रुमालाचा भागही गाळला नाही. भरपाईचं काहीतरी बोलू लागलो तर तिने हात वर करून थांबवलं. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती अण्णांच्या हातांकडे बघत होती. पुढे झाली, वाकली, आणि दाताने दोऱ्याची गाठ तोडली. आधी एक हात, मग दुसरा. पिशव्या चुरगाळून कमरेला खोचल्या.

‘पाय धुऊन आत या,’ ती त्यांना म्हणाली. ‘डाव्या बाजूच्या खात नाहीयेत नीट. बघा जरा.’

अण्णा हौदावर गेले. सावकाश पाय धुतले, हात धुतले, चुन्याच्या रेघेत पाय घोळवले आणि वाकून आत गेले. आत गेल्यावर त्यांनी काहीतरी म्हटलं, अळ्यांनाच असावं, आपण लहान मुलांशी बोलतो तशा आवाजात.

अक्का दारातच होती. आता तिने माझ्याकडे पाहिलं. ‘त्या सकाळी अंगणात मी यांना बोलत होते,’ ती म्हणाली. ‘तुम्ही दोघं तिथे उभे होतात. अवत्तू बर्तित्ता?’

त्या दिवशीही येत होतं?

‘हो,’ मी म्हणालो. ‘सगळं कळत होतं.’

ती रागावेल, निदान दोन शब्द सुनावेल, अशी मी वाट बघत होतो. मला ते हवंच होतं. पण तिने पदर खोचला आणि जाळीच्या दाराला हात घातला. आणि मग बोलली, हिंदीत. ज्याला आपली भाषा येत नाही अशा परक्या माणसाशी बोलावं तसं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

‘अंदर काम है सार. आप जाओ.’